माल्कीच्या वाटचा जिना

माल्की रेनीने आयुष्यात चार जबडे मोडले. पहिल्या तिघांबद्दल आमच्या पिल्टन वस्तीत कुणी फार हळहळलं नाही, कारण त्यातला एक गर्द विकणारा होता, दुसरा पोलिसांचा खबऱ्या आणि तिसरा माल्कीचा सख्खा बाप. बापाने पट्ट्याने सोलून काढायचं आणि मुलाने मिसरूड फुटल्यावर त्याची परतफेड करायची, हे आमच्याकडे घरोघरी चालत आलेलं. चौथा जबडा मात्र वॉटी पर्व्हिसचा होता. वॉटी सत्तर वर्षांचा. लीथच्या गोदीत जन्म घालवून निवृत्त झालेला, माल्कीच्या समोरच्या दारात राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला माल्कीने गुरासारखं बडवलं.

का बडवलं ते सांगायचं तर आधी माल्की जिवंत कसा हे सांगायला हवं, कारण सरकारी हिशेबाप्रमाणे तो कधीच मेला असायला पाहिजे होता. चौऱ्याऐंशी साली एडिंबराच्या या टोकाला गर्द घरोघर पोचलं होतं आणि सुया मिळत नव्हत्या. एका खोलीत दहा-पंधरा पोरं आणि सुई एक. त्या खोलीत माल्की होता, त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅली होता. एचआयव्ही त्या खोलीत कुणाला चुकला नाही. अ‍ॅली एक्क्याण्णव साली गेला. शेवटी माल्की त्याला एका हातावर उचलून संडासात न्यायचा. माल्कीला डॉक्टरांनी सहा महिने दिले आणि सरकारने अपंगत्वाचा आजन्म भत्ता दिला. जन्मच सहा महिन्यांचा उरलेला, तेव्हा आजन्म द्यायला त्यांचं काय जात होतं? पण नवी औषधं आली आणि हा पठ्ठ्या मेला नाही. हाच त्याचा गुन्हा.

सुरुवातीच्या औषधांनी जीव वाचवला, पण हातापायांतल्या नसा जाळल्या. बुटात खिळा वर आला तरी मोजा लाल होईपर्यंत त्याला कळायचं नाही. जिना उतरताना पायरी कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागे. शर्टाची बटणं त्याने केव्हाच सोडून दिली होती. विषाणू मात्र वीस वर्षं तपासणीत सापडत नव्हता, त्याच्या रक्ताने आता कुणाला काही होणार नाही असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला शंभरदा सांगितलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याने यातलं अक्षर सांगितलेलं नव्हतं. नसांचा आजार आहे, एवढंच. त्या भत्त्यावर त्याला एक गाडी मिळाली होती, हाताने ब्रेक लावायची. त्या गाडीतून तो इस्पितळात जायचा, समुद्रावर जायचा, अ‍ॅलीच्या थडग्यावर जायचा. गाडी नाही तर माल्की म्हणजे दुसऱ्या मजल्यावर ठेवलेली कुंडी.

आता जिन्याचं सांगतो. आमच्याकडे जिना सगळ्यांचा. सहा घरं, दर आठवड्याला एका घराने धुवायचा. ज्याचा आठवडा त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची एक पाटी लटकते; धुऊन झालं की ती पुढच्या दाराला अडकवायची. आठवडा चुकवणाऱ्या घराबद्दल आमच्या बायका जे बोलतात ते त्या खुन्याबद्दलही बोलत नाहीत. पण आपसात. बाहेरचा कुणी आला, वसुलीवाला असो की सरकारी बाबू, जिना सगळ्यांनी धुतलेला असतो, बस्स.

सत्याऐंशी सालापासून ती पाटी माल्कीच्या दाराला अडकली नव्हती. वॉटीची बायको नेटा आपलाही आठवडा धुवायची आणि त्याचाही. माल्की तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच तुरुंगातून सुटलेला, हात कायम शिवशिवणारे. त्याने सरळ अर्थ लावला: टरकतात. आपल्या दाराला पाटी अडकवायची या जिन्यात कुणाची छाती नाही. त्याला ते फार आवडलं. पुढे पाय गेले तेव्हा तर सोयच झाली. नेटा कर्करोगाने गेली, त्यानंतर वॉटी गुडघे टेकून दोन्ही आठवडे घासू लागला.

माल्की कठडा धरून जाताना म्हणायचा, "तो कोपरा राहिला बघा, वॉटी."

"चष्मा लाव आणि चालता हो," वॉटी म्हणायचा.

दोन हजार सोळा सालच्या फेब्रुवारीत फेरतपासणीचं पत्र आलं. आजन्म भत्ता वगैरे आता काही नाही, सगळ्यांना नव्याने तपासणार. मार्चमध्ये एक तरुण घरी आला, सौम्य आवाजाचा, मांडीवर संगणक घेऊन. त्याने विचारलं, स्वयंपाक करता का? माल्की म्हणाला, करतो की. तव्यावर मनगट टेकलेलं त्याला कळलं नव्हतं आणि त्याचा फोड अजून बाहीखाली होता, पण तो दाखवायचा कुणाला, या दुधखुळ्या पोराला? त्याने विचारलं, रोज अंघोळ करता? मित्र आहेत? माल्कीच्या डोक्यात सणक जात होती. त्याच्या पिढीच्या माणसाला मार खाऊन 'मी ठीक आहे' म्हणायची सवय, तशीच त्याने सगळी उत्तरं दिली. तरुण आभार मानून गेला.

मे महिन्यात निकाल आला. भत्ता बंद. तीन आठवड्यांत दोन माणसं येऊन गाडी घेऊन गेली. माल्कीने किल्ल्या निमूट दिल्या आणि मग कचऱ्याच्या डब्याला एवढ्या लाथा घातल्या की त्याचं झाकण परत बसलं नाही. पुढचे चार महिने तो वर अडकला. दोनदा उतरायला गेला, दोनदा पडला, एकदा डोकं फुटलं. इस्पितळाच्या दोन तारखा चुकल्या. गोळ्या संपत आल्या की सल्ला केंद्रातली एल्स्पेथ आणून द्यायची. तिनेच त्याचं अपील भरलं होतं. एल्स्पेथ म्हणायची, "माल्की, सुनावणीत खरं बोल. वाईटातला वाईट दिवस सांग. हिरोगिरी नको."

सुनावणीच्या तीन आठवडे आधी अपिलाचे कागद आले. शनिवारची दुपार होती. माल्की ओट्याशी बसून एकेक पान तळव्याने सरकवत होता. एकेचाळिसाव्या पानावर त्या सौम्य आवाजाच्या पोराने लिहिलं होतं: 'निघताना जिन्यात शेजारी श्री. वॉल्टर पर्व्हिस यांच्याशी संभाषण झाले. अर्जदार आपल्या आठवड्याला जिना नियमितपणे धुतो, इतर कोणाहीपेक्षा कमी नाही, असे त्यांनी सांगितले. यावरून अर्जदारास गुडघे टेकणे, वाकणे व पाण्याची बादली उचलणे शक्य आहे.'

माल्कीने ते दोनदा वाचलं. चार महिने. फुटलेलं डोकं. आणि चुगली कुणाची, तर समोरच्या दारातल्या म्हाताऱ्याची. आमच्याकडे चुगलखोराला माफी नसते, बापाला असेल एक वेळ. माल्की उठला, भिंत धरत दोन दारांमधलं अंतर चालला आणि वॉटीच्या दारावर कोपराने धडका दिल्या.

वॉटीने दार उघडलं. हातात लोणी लावलेला पाव होता.

"काय रे पोरा—"

पहिला ठोसा तोंडावर बसला. पाव भिंतीला चिकटून खाली घसरला. दुसऱ्या ठोशाला काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला आणि वॉटी चौकटीवर आपटला. माल्कीने त्याला शर्टाला धरून जिन्याच्या चौकात ओढलं आणि तिथे मारलं. तोंडावर, कानावर, परत तोंडावर. तोल गेला तेव्हा तो त्याच्या छातीवरच बसला आणि बसून मारत राहिला.

"जिना धुतो मी? धुतो? हरामखोरा, माझी गाडी खाल्लीस तू. माझे पाय खाल्लेस. बोल, किती वेळा धुतला मी? बोल की आता."

वॉटीने एकदाही हात उगारला नाही. एका हाताने त्याने कठड्याची सळई धरली होती, दुसरा तोंडाशी न्यायचा प्रयत्न करत होता. त्याचं तोंड उघडं पडलं होतं, खालचा जबडा भलतीकडेच गेलेला. माल्कीने आणखी एक ठोसा उगारला आणि तेव्हा त्याला दिसलं की त्याच्याच मुठीची कातडी दातांवर फाटली आहे. मनगटावरून रक्ताची धार लागली होती. ती थेट वॉटीच्या उघड्या तोंडात पडत होती. त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी शंभरदा सांगितलेलं एका क्षणात पुसून गेलं. त्याला ती खोली दिसली, ती एक सुई, आणि एका हातावर उचललेला अ‍ॅली. त्याने वॉटीला कुशीवर उलथं केलं आणि त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागला.

"थुंक. थुंक ते सगळं. गिळू नको. मला एचआयव्ही आहे, ऐकतोयस का? माझं रक्त आहे ते, थुंक!"

एकोणतीस वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट तो जिन्यात उभ्या सहा दारांना ऐकू जाईल अशी ओरडला. दोन दारं उघडली होतीच. वॉटी थुंकला. रक्त, एक दात, पावाचा तुकडा. मग त्या वाकड्या तोंडाने, एकेक शब्द ढकलत तो म्हणाला, "माहीत आहे. सगळ्यांना. कधीचं."

रुग्णवाहिका खालच्या मजल्यावरच्या बाईने बोलावली. रुग्णवाहिकेवरच्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा वॉटीने ओल्या जिन्यावर पाय घसरल्याची खूण केली. जिना ठणठणीत कोरडा होता. त्या माणसाने जिन्याकडे पाहिलं, माल्कीच्या हाताकडे पाहिलं आणि स्ट्रेचर उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल्कीच्या हातातून चहाचा कप पडला. हात मनगटापर्यंत काळानिळा झाला होता. दोन बोटांची हाडं मोडली होती आणि रात्रभर तो त्याच हातावर झोपला होता. त्याने इस्पितळात डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"कुणाच्या तोंडात माझं रक्त गेलं तर काय होईल?"

"तुझं? काही होणार नाही. किती वेळा सांगू?" मग एकदम त्यांनी विचारलं. "माल्की, कुणाच्या तोंडात?"

त्याने फोन ठेवून दिला.

एल्स्पेथने बोटांची पट्टी पाहून विचारलं, कुठे आपटलास. दारावर, तो म्हणाला. ती म्हणाली की एकेचाळिसावं पान आपल्याला बुडवणार. त्या शेजाऱ्याने खोटं सांगितलं असेल तर त्याने तसं लिहून द्यायला हवं, नाहीतर गाडी विसर. तू माग ना त्याच्याकडे, एवढा शेजारी तुझा. माल्कीला मागायला तोंड कुठे होतं? रात्रंदिवस त्याला वॉटीच्या दाराआडचा खोकला ऐकू यायचा आणि तो रेडिओ मोठा करायचा. शेवटी एल्स्पेथनेच वॉटीच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवली, हे त्याला नंतर कळलं.

सुनावणीला तिघं बसले होते. न्यायाधीश बाई, एक म्हातारे डॉक्टर आणि चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ. एल्स्पेथचा खांदा धरून माल्की आत गेला तर भिंतीशी वॉटी. जबड्याला तारा आवळलेल्या, डोळ्याखाली अजून पिवळं. मांडीवर एक लिफाफा. बोलता येत नाही म्हणून त्याने लिहून आणलं होतं. न्यायाधीश बाईंनी ते मोठ्याने वाचलं.

'मी त्या तरुणाला खोटं सांगितलं. माल्की रेनीने एकोणतीस वर्षांत एकदाही जिना धुतलेला नाही. आम्ही धुवू दिला नाही. त्याला तो आजार आहे हे माझ्या बायकोला सत्याऐंशी साली कळलं. तेव्हा कुणालाच धड काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, त्याच्या बादलीचं पाणी माझ्या उंबऱ्यावर नको. सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं आणि पाटी त्याच्या दारावरून उचलली. पुढे खरं काय ते कळलं तेव्हा नेटाला लाज वाटली. पण इतक्या वर्षांनी पाटी परत अडकवायची आणि त्याने कारण विचारलं तर सांगायचं काय? तोवर त्याचे पाय गेले होते. म्हणून ती धूत राहिली. जाताना मला सांगून गेली, म्हणून मी धुतो. शेजाऱ्याचा आठवडा चुकतो असं परक्या माणसाला सांगायची आमच्यात रीत नाही. त्याचा आजार तर मी सांगणारच नव्हतो. वॉल्टर पर्व्हिस.'

आधी माल्कीला वाटलं, त्या मेलेल्या बाईला थडग्यातून ओढून काढावं आणि विचारावं. एकोणतीस वर्षं तो छाती काढून त्या जिन्यातून उतरला होता. त्याच्या मुठीला कुणी भीत नव्हतं. बादलीला भीत होते. आणि चुगली म्हणून ज्याचं तोंड फोडलं, त्याने तर माल्कीचंच झाकून ठेवलं होतं.

"मिस्टर पर्व्हिस," बाई म्हणाल्या, "तुमच्या जबड्याला काय झालं?"

वॉटीने कागदावर लिहून दिलं. जिना. ओला.

म्हातारे डॉक्टर वॉटीच्या जबड्याकडे बघत होते, मग माल्कीच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे, मग परत जबड्याकडे. बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही एकदा खोटं बोलल्याचं स्वतःच कबूल करताय. आणि आता हे जिन्याचं. मग या पत्रावर तरी आम्ही विश्वास का ठेवावा?" त्यांनी पत्र कागदांच्या बाजूला सारलं.

माल्कीला कळलं की गाडी त्या पत्राबरोबर बाजूला सरली. गप्प बसलं तर पत्र फुकट. बोललं तर ज्या हाताला बटण लावता येत नाही म्हणून अर्ज केला, तोच हात जबडा मोडतो हे सिद्ध. वर तुरुंग. एल्स्पेथ त्याच्याकडे बघत होती आणि हळूहळू तिच्या चेहऱ्याचा रंग उडत होता. वॉटी मान खाली घालून बसला होता. त्या म्हाताऱ्याला इथे सगळ्यांसमोर खोटारडा ठरवलेलं माल्कीला सहन होईना.

"जबडा मी मोडला," तो म्हणाला. "हे पान वाचलं आणि त्याच्या घरी जाऊन मोडला. तो खोटारडा नाही. माझ्यासाठी खोटं बोलतो, एवढंच."

मग डॉक्टरांनी विचारलं, "या हाताने?"

"या."

"किती ठोसे?"

"सहा-सात. जास्तही असतील."

"आणि बोटं मोडल्याचं कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. कप पडला तेव्हा."

डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले. पट्टी सोडून त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. म्हणाले, "खिडकीकडे बघा. मी दाबायला लागलो की सांगा." माल्की बाहेरच्या छपरांकडे बघत राहिला. बराच वेळ गेला. हा माणूस सुरुवात कधी करणार म्हणून त्याने मान वळवली, तर डॉक्टर मोडलेल्या हाडावर अंगठा रोवून सगळ्या ताकदीने दाबत होते. कपाळावर त्यांना घाम आला होता. वॉटीने तोंड फिरवून घेतलं होतं.

भत्ता त्याच दिवशी परत मिळाला. बाईंनी वॉटीला दोनदा विचारलं, पोलिसात जायचं आहे का. त्याने दोनदा नाही म्हणून मान हलवली.

तीन आठवड्यांनी गाडी आली. वॉटीच्या तारा काढायचा दिवस तोच होता, हे खालच्या बाईकडून माल्कीला कळलं होतं. सकाळीच त्याने दाढी केली, किल्ली घेतली आणि समोरचं दार हलकेच वाजवलं. दार साखळीवर उघडलं, चार बोटं.

"चला, वॉटी. गाडी खाली लावलीय."

"बसने जातो." तारांमधून आता शब्द चेपून का होईना येत होते.

"दोन बस बदलाव्या लागतील. कशाला त्रास?"

"नको, पोरा."

माल्कीने किल्लीशी चाळा केला. "माझं चुकलं, वॉटी. फार चुकलं. आणि त्या रक्ताचं म्हणाल तर मी डॉक्टरीणबाईंना विचारलंय, तुम्हाला काहीही होणार नाही. भिऊ नका त्याला."

"रक्ताला कोण भितंय? ती भीती नेटाची होती." फटीतून वॉटीचा एकच डोळा दिसत होता, तो माल्कीच्या हातावर होता. "तुला भितो मी. आत्ता दार वाजलं तर आधी साखळी लावली मी. माझ्याच घरात."

"परत नाही होणार असं."

"ते तुला माहीत. मला कुठे माहीत आहे?" फट आणखी बारीक झाली. "तू आत जा आधी. दार लावून घे. मग मी निघतो."

माल्की आत गेला आणि त्याने दार लावलं. साखळी सरकल्याचा आवाज आला, मग कठडा धरून एकेक पायरी उतरणारी पावलं. खालचं दार बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत तो आपल्या दाराआड किल्ली घेऊन उभा राहिला.